माशाची पेंड

घरची म्हैस उपाशी ठेवून धरणातल्या माशाला गुळाचे लाडू घालायचे, हे कोणत्या पोथीत लिहिलंय ते एकदा कुणीतरी दाखवावं, एवढंच सारजाबाईचं म्हणणं होतं. पण ते ती रोज पहाटे म्हणायची, आणि परातीत पेंड कालवता कालवता म्हणायची, म्हणून रामकिसनला ते जास्त लागायचं.

"सांगा की वं. लिवलंय का कुठं?"

"लिवलेलं नसतंय सारजे. कामच हाय ते."

"आग लागो तसल्या कामाला!"

भुईमुगाची पेंड, मक्याचा भरडा, गूळ आणि चिमूटभर हिंग. पाण्याचा हात लावून मळायचं आणि मुठीएवढे लाडू वळायचे. पेंडीचा खमंग वास घरभर सुटला की गोठ्यात चांदी मान वर करून हंबरायची. आता हंबरडा तरी कसला, नुसता घशातून वारा निघायचा. दोन सालं पाऊस नाही. कडबा माघातच संपला. आता उसाचं वाढं मिळेल तेवढं, तेही दोरीसारखं वाळलेलं. चांदीला दहावा महिना लागला होता, पोट तेवढं पुढं आणि मागं सगळी हाडं. दारात हे एकच जनावर उरलं होतं. ती नीट व्याली तर घरात दूध, नाही तर गोठ्यात रिकामा खुंटा.

लाडवांची घमेली होडीत ठेवून रामकिसन पाण्यात शिरायचा. विजेचा खांब पाठीशी, समोर डोंगराची सोंड, डाव्या हाताला बंद पडलेलं पंपहाऊस. तिन्ही खुणा जुळल्या की वल्हं थांबवायचं. त्या खुणा त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हत्या. खूण म्हणून बांबू रोवायचा नाही, जाळंवाले येतील, असा काकासाहेबांचा हुकूमच होता. खाली दोन पुरुस खोल पाण्यात रामकिसनचं घर होतं.

घर म्हणजे खरंच घर. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा. बोरखेडी गावातली माणसं टेकाडावर येऊन राहिली आणि मासे त्यांच्या घरात राहायला गेले. दगडी भिंतीच्या आडोशाला कटला बसतो, रोहू फिरतो. आठ दिवस एकाच जागी, एकाच वेळेला खाऊ घातलं की नवव्या दिवशी मासा पाहुण्यासारखा येऊन पंगतीला बसतो. मग शहरातला साहेब येणार, गळ टाकणार, मासा ओढणार, त्याच्यासोबत फोटो काढणार आणि मासा परत पाण्यात सोडून देणार. खाणार नाही, विकणार नाही. सोडणार! पहिल्या दिवशी रामकिसनला वाटलं, साहेबाच्या हातून निसटला. त्यानं उडी मारून धरायला बघितलं तर सगळे पोट धरून हसले.

हा सगळा कारभार काकासाहेबांचा. चार तंबू, दोन होड्या, चुलीवरचं जेवण. माणूस परका नव्हे, वरच्या वाडीतला, रामकिसनच्या बरोबरीचा. शाळेत दोघं एकाच तरटावर बसलेले. फरक एवढाच की त्याची जमीन उंचावर होती आणि ह्याची खोलात. पाणी वरपर्यंत आलं नाही, म्हणून आज तो काकासाहेब आणि हा नुसता रामकिसन. अंगात काकासाहेबांनी दिलेला नारंगी शर्ट, पाठीवर छापलेला मासा.

त्या दिवशी सकाळी चांदी उठलीच नाही.

सारजाबाईनं हाक मारली, थोपटलं, शेवटी कमरेत लाथ घातली आणि मग स्वतःच रडायला बसली. तिचा भाऊ सांडू काकासाहेबांच्या तंबूवर स्वयंपाकाला होता, तो कामावर चाललेला तसाच आत आला. पोटाखालून लाकडाची बल्ली घातली. एका टोकाला रामकिसन, एका टोकाला सारजाबाई, सांडूनं शेपटी धरली. "हां, हां, उठ माय!" तिघांच्या मानेच्या शिरा फुगल्या. चांदी उभी राहिली, पण चारी पाय लटलट कापत होते आणि ढुंगणावर बसून बसून कातडं सोललेलं होतं. त्यावर माशा घोंगावत होत्या.

"चाराछावणीत न्या दाजी," सांडू म्हणाला. "फाट्यावर उघडलीय. तिथं पेंड बी देतेत म्हणं."

"चार कोस हाय. कशी नेऊ, खांद्यावर? टेम्पोवाला म्हणतो, वाटंत मेली तर तुमची तुम्ही बगा. आन छावणीवाले पडेल जनावर आत घेत नाय. आपल्या पायानं आलं पायजे."

सांडूनं चांदीच्या माकडहाडावर हात फिरवला. "आठ धा दिस मूठ मूठ पेंड पोटात गेली ना, तर चालंल ही. जास्ती नाय, मूठ मूठ. उपाशी पोटी एकदम घातली तर फुगून मरंल."

सारजाबाईनं रामकिसनकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली. कोपऱ्यात काकासाहेबांच्या पेंडीची दोन पोती उभी होती.

चोरी करायची नव्हती म्हणून तो आधी मागायला गेला. हे ध्यानात ठेवा. पुढं लोक काय वाट्टेल ते बोलले, पण तो आधी मागायला गेला होता. काकासाहेब तंबूपुढं खुर्ची टाकून चहा पीत होते. रामकिसन खाली टेकला, हातातला टॉवेल उगाच पिळत राहिला.

"म्हशीचं अवघड झालंय काकासाहेब. पोटात रेडकू हाय. त्या पोत्यातली शेरभर पेंड रोज दिली तर..."

"कोणतं पोतं?"

"माशाचं."

काकासाहेब हसले. हसले म्हणजे अगदी कप खाली ठेवून, मांडीवर थाप मारून हसले. "अरे येड्या, मासा फोटोत येतो. तुझी म्हैस येती का? लोकं मुंबई-पुण्याहून तुझ्या म्हशीसंगं फोटो काढायला येणारेत का?"

"जीव हाय त्यो."

"सगळ्याच्याच म्हशी मरायल्यात रामकिसन. मी कुणाकुणाला पेंड वाटू? इतवारी मधुसूदन साहेब येणारेत, लई मोठा माणूस. मासा लागला पायजे. जा, उन्हं वर आली."

रामकिसन उठला. शाळेत ह्याच काकासाहेबाच्या पाटीवर तो गणितं लिहून द्यायचा, ते त्याला आठवलं आणि तोंडात कडू आलं. होडीत बसला, पाण्यात गेला, तिन्ही खुणा जुळवल्या. पहिला लाडू हातात घेतला. खाली आईची चूल होती, नेमकी ह्याच अंगाला. त्यानं लाडू टाकला. दुसरा टाकला. मासे वर आले, पाणी खदखदलं, चांगले गलेलठ्ठ, पाठी चमकत होत्या. आणि रामकिसनचं डोकं सणकलं.

"भाड्यांनो," तो माशांना म्हणाला, "मपल्याच घरात राहता, मपल्याच हातचं खाता, आन मपलीच म्हैस मरती व्हय रे?"

माशांचा काय दोष! पण राग कुठंतरी काढावाच लागतो. काकासाहेबापुढं तो टॉवेल पिळत बसला होता, ते त्याला गिळवत नव्हतं. त्यानं अर्धंच घमेलं रिकामं केलं. उरलेल्यावर तरट टाकलं आणि होडी वळवली.

सारजाबाई दारातच उभी होती. तिनं तरट उचलून बघितलं आणि नवऱ्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

"आज मासे जेवले नाय वाटतं?"

"उपास धरलाय त्यांनी."

"मंग रोजच धरा म्हणावं. पुण्य लागंल मेल्यांना."

त्या दिवसापासून अर्धं पाण्यात आणि अर्धं गोठ्यात. सारजाबाई लाडू कुस्करायची आणि चांदीच्या जिभेवर मूठ मूठ ठेवायची. एकदम नाही, सकाळी दोन, दुपारी दोन, दिवेलागणीला दोन. चांदी तिची बोटं चाटायची, मनगटापर्यंत चाटायची. तिसऱ्या दिवशी तिनं शेण टाकलं ते चांगलं पोवट्यासारखं पडलं. चौथ्या दिवशी सकाळी ती कुणी हात न लावता उठली. मागचे पाय आधी, मग गुडघे, मग झालीच उभी! सारजाबाईनं तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि रामकिसन गोठ्याच्या मेढीला टेकून नाक शिंकरत राहिला. डोळ्यात गेलं काहीतरी म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

आता चूक कुठं झाली ते ऐका. शेतकऱ्याच्या बाईच्या हातून शेण वाया जात नाही. दोन महिन्यांनी पहिल्यांदा गोठ्यात धड शेण दिसलं, तर सारजाबाईनं त्याच्या गोवऱ्या थापल्या. वैशाखाच्या उन्हात तीन दिवसांत खडखडीत वाळल्या. आणि काकासाहेबांच्या तंबूवर चुलीवरच्या जेवणासाठी गोवऱ्या लागायच्या, त्या तीच घालायची. एवढी शहाणी बाई, पण नेहमीच्या सवयीनं टोपलं भरलं आणि इतवारी सकाळी तिकडं नेऊन ओतलं.

मधुसूदन साहेब माणूस वाईट नव्हता. अहो-जाहो बोलायचा. त्याची पेटी मात्र सोनाराच्या पेटीसारखी, खणाखणात गळ, दोऱ्या, चिमटे, औषधाच्या बाटल्या. होडीत बसल्यावर दोन तास काहीच लागलं नाही. एरवी पंगत मांडल्यासारखे येणारे मासे आज लांबूनच वळसे घेत होते. अर्धपोटी पाहुणा पंगतीला उशिराच येतो, तसं झालं. रामकिसनच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"रामकिसन, जागा हीच ना?"

"हीच साहेब. येतंय. थोडं थांबा."

ऊन डोक्यावर यायला लागलं तेव्हा काठी वाकली. मोठा कटला, अर्धा तास झुंजला. साहेबाचे हात भरून आले तेव्हा काठी रामकिसननं धरली, मासा जवळ आणल्यावर परत साहेबाच्या हातात दिली. ही रीतच होती. मासा होडीत घेताना त्यानं उसळी मारली आणि दोरीवरचा दुसरा गळ रामकिसनच्या अंगठ्याच्या मुळात घुसला, पार आतपर्यंत. एका गळाला मासा आणि दुसऱ्या गळाला माणूस.

"आई गं!"

"हलू नका, हलू नका!" साहेब ओरडला. "हात अजिबात हलवू नका. माशाचा ओठ फाटेल!"

रामकिसन हलला नाही. रक्त कोपरापर्यंत आलं. साहेबानं हलक्या हातानं माशाच्या ओठातला गळ काढला, कापसाच्या बोळ्यानं जखमेवर जांभळं औषध लावलं, ओल्या फडक्यावर मासा घेतला, फोटो काढून घेतला. तो फोटो रामकिसननंच काढला, डाव्या हातानं. मग साहेबानं मासा पाण्यात धरून हळूहळू सोडला आणि अगदी मायेनं म्हणाला, "जा राजा, सांभाळून जा."

मग त्याचं लक्ष गेलं. "अरे, तुम्हाला लागलंय की!"

"व्हय. थोडं औषध..."

"हे माशांचं आहे हो. माणसाला चालत नाही ते." साहेबानं पेटीचं झाकण लावलं. "काठावर गेलो की बघू."

रामकिसननं होडीत पडलेल्या चिमट्यानं गळ ओढून काढला आणि हात पाण्यात बुडवला. दातावर दात दाबले होते. वल्हं मारताना दर खेपेला तळहातातून कळ निघत होती.

तंबूवर जेवणाची गडबड होती. सांडू भाकरी थापत होता, सारजाबाई ठेचा वाटत होती. काकासाहेब पाहुण्यांना चूल पेटवून दाखवायला स्वतः खाली बसले. "बघा साहेब, अस्सल गावरान," म्हणत त्यांनी एक गोवरी मोडली. आणि थांबले. दुसरी मोडली. शेवटी शेतकऱ्याचंच पोर ते, तंबूत बसलं म्हणून शेण ओळखायचं विसरत नाही.

"वहिनी, म्हैस काय खाती हल्ली?"

सारजाबाईचा हात वरवंट्यावर थबकला. "काय खानार? वाढं."

"वाढ्याला मक्याची कणी कधीपास्नं लागली वं?"

मोडलेल्या गोवरीत पिवळी कणी चकाकत होती. काकासाहेब उठले आणि गोवरीचा तुकडा मधुसूदन साहेबासमोर धरला. "हे बघा. मासा उशिरा कामून लागला, इचारत व्हता ना? तुमच्या माशाचं जेवण ह्या माणसानं म्हशीला चारलं. चोर! मपल्या हाताखालचा चोर. रामकिसन, सांग साहेबाला. तुझ्या तोंडानं सांग."

रामकिसननं दुखरा हात छातीशी धरला होता. "घातली," तो म्हणाला. "म्हशीला घातली. आधी मागितली व्हती, दिली नाय."

"तोंड वर करून सांगतो! शर्ट काढ मपला."

"काकासाहेब..."

"काढ म्हणतो ना!"

आत बनियन नव्हतं. एका हातानं शर्ट निघता निघेना, डोक्यात अडकला. सात-आठ पाहुण्यांसमोर अठ्ठावन्न वर्षांचा माणूस डोकं शर्टात अडकलेला, उघड्या बरगड्या घेऊन चाचपडत उभा राहिला. कुणीतरी खुदकन हसलं. मधुसूदन साहेब कानकोंडा होऊन म्हणाला, "जाऊ द्या ना आता. जेवण गार होतंय."

ते वाक्य सारजाबाईला डसलं. ती उठली. नवऱ्याच्या डोक्यातला शर्ट तिनं हिसडून काढला, काकासाहेबांच्या पायाशी फेकला आणि आपलं टोपलं घेऊन चुलीपाशी गेली. पदरानं धरून पेटलेल्या गोवऱ्यासुद्धा एकेक ओढून काढल्या, पायानं विझवल्या आणि टोपल्यात भरल्या.

"हे काय वहिनी?"

"मपल्या म्हशीचं शेण हाय हे. तुमच्या चुलीत मासे घाला, आन त्यावर भाजा भाकरी! गाभण्या जनावराच्या तोंडातली मूठ मोजता, आन वहिनी म्हणता? थू!"

ती पुढं आणि रामकिसन मागं. भाकरी तव्यावर अर्धकच्ची राहिली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला त्यांनी चांदीला सोडलं. घरातली पेंड काकासाहेबांनी सांजच्यालाच उचलून नेली होती. आता चांदीला घरी ठेवलं तर चार दिवसांत परत बसली असती. चालतेय तोवर छावणी गाठायची, दुसरा उपाय नव्हता. रामकिसनचा हात फुगून वांग्यासारखा झाला होता, त्यावर हळद दाबून चिंधी बांधलेली. सारजाबाईच्या डोक्यावर पाण्याचा हंडा, कोसाकोसाला ती चांदीच्या पाठीवर ओंजळ ओंजळ मारायची. एक कोस झाला. दोन झाले. डांबरी तापायला लागली. चांदी तोंडातून फेस गाळत होती पण चालत होती. तिसरा कोस सरता सरता ती थांबली, पुढचे गुडघे टेकले आणि रस्त्याच्या कडेला बसली.

"उठ गं बाई," सारजाबाई म्हणाली. "आता एकच कोस राह्यला. उठ की!"

चांदीनं मान जमिनीवर टाकली.

तेवढ्यात मागून मोटारसायकल आली. सांडू होता. गाडी उभी करायच्या आधीच बोलायला लागला.

"दाजी, सकाळपास्नं दोन्ही होड्या फिरायल्यात, एक मासा नाय. जागाच घावंना कुणाला. साहेब चिडलाय. काकासाहेब म्हणतेत, अख्खं पोतं देतो पेंडीचं, आन इथनं छावणीपतुर टेम्पो बी. मेली तरी जबाबदारी त्यांची. तुम्ही यायचं बी काम नाय, नुसत्या खुणा सांगा. मी दाखवतो जाऊन."

सारजाबाईनं चांदीकडं बघितलं. तिच्या पोटात उजव्या कुशीला रेडकू हललं, ते कातड्यावरून दिसलं.

"सांगा," ती म्हणाली. "सांगून टाका. राग मलाबी हाय. पन ही मेली तर रागाचं काय दूध काढायचंय?"

खरं होतं तिचं. तीन खुणा. एका दमात सांगून झाल्या असत्या. रामकिसननं तोंड उघडलंसुद्धा.

"इजेचा..." तो म्हणाला आणि थांबला. मग त्याचा आवाज असा चढला की रस्त्यापलीकडचा मेंढका वळून बघायला लागला.

"घर हाय ते मपलं! सारजे, तिथं मपली माय भाकरी थापायची. तिथं मपला बाप उंबऱ्यावर बसून रडला, जायचं नाय म्हणला. तवा पानी सोडताना कुनी इचारलं नाय, रामकिसन, तुझं घर कुठंय म्हणून. बापाला इचारलं नाय, मला इचारलं नाय. आन आता इचारतेत, मासे धरायला? पोतं दाखवून? नाय सांगत! सांड्या, जा, सांग त्याला. घर बुडालंय, ते तरी राहू दे म्हणावं मपल्याजवळ. हुडकायचं असंल तर उडी मार म्हणावं पान्यात!"

सारजाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. चाळीस वर्षं संसार केला, पण हा माणूस ओरडू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं हंडा खाली ठेवला, उरलेलं सगळं पाणी चांदीच्या डोक्यावर ओतलं आणि पदर खोचला.

"मंग बघत काय बसलाव?" ती म्हणाली. "बल्ली नाय, काय नाय. पोटाखाली हात घाला."

सांडू गाडीवरच बसून होता. त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून बघितला, काकासाहेब. त्यानं बहिणीकडं बघितलं, दाजीच्या हातावरच्या चिंधीकडं बघितलं, आणि फोन कानाला लावला.

"व्हय, भेटले... नाय, नाय सांगत म्हणतेत... मी? मला थोडा येळ लागंल काकासाहेब. हात गुतलेत मपले."

फोन खिशात टाकून तो उतरला आणि शेपटी धरली. पहिल्यांदा चांदी हललीच नाही. दुसऱ्यांदा मागचं अंग वर आलं आणि धपकन खाली गेलं. रामकिसनच्या चिंधीतून रक्त ठिबकायला लागलं, पण त्यानं हात काढला नाही. "उठ माय," तो तिच्या कानाशी म्हणत होता, "मी नाय म्हणलोय त्याला. आता तू उठ." तिघांनी श्वास धरला आणि तिसऱ्यांदा जोर लावला. मागचे पाय सरळ झाले. मग एक गुडघा सुटला. मग दुसरा.

चांदी उभी राहिली. कुणीच तिच्या अंगावरचा हात काढला नाही. दोन्ही बाजूंनी खांदे लावून, शेपटी धरून ते तिघं तसेच तिच्याबरोबर छावणीच्या वाटेनं चालायला लागले.